विमानाचा कारखाना मागण्याआधी

टाटा आणि एअरबसचा सी-२९५ विमानांचा प्रकल्प वडोदऱ्याला जाणार, ही बातमी २०२२ च्या ऑक्टोबरात आली आणि महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो अजून पुरता शमलेला नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत उद्योगाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या तोंडचा घास पळवला, आता निदान कार्बन फायबरचे विमानाचे भाग बनवणारा एखादा कारखाना तरी आमच्या एमआयडीसीत आणा. दुसरा म्हणतो, कसलं कार्बन फायबर घेऊन बसलात, ती बड्यांच्या मोटारींची चैन. आहेत त्या फाउंड्र्या नीट चालू द्या, हळद-द्राक्षावर प्रक्रिया करा, तेवढं झालं तरी पुष्कळ. दोन्ही बाजू हिरिरीनं भांडतात, पण कशावरून भांडतोय हे नीट पाहायला कुणाला सवड नाही. ज्या सी-२९५ साठी आपण एवढा ऊर बडवला ते विमान मुख्यतः ॲल्युमिनियमचं आहे. आणि ज्या बोइंग ७८७ चं वजनानं निम्मं अंग कार्बन फायबरच्या कॉम्पोझिटचं, म्हणजे धागा आणि रेझिन एकत्र घट्ट करून केलेल्या पदार्थाचं आहे, त्याच्या केबिनच्या जमिनीखालच्या तुळया नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बनल्या आहेत. गेलं म्हणून रडलो ते हे नव्हतंच, आणि घरात आलेलं आपण पाहिलंही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कार्बन फायबरचे भाग बनवण्याचा धंदा या दोन जिल्ह्यांना जमण्यासारखा आहे. पण तो भूखंड, सबसिडी आणि बड्या कंपनीची पाटी यांच्या जोरावर येणार नाही, आणि आला तरी टिकणार नाही. या धंद्यात गिऱ्हाईक पैसे मोजतं ते खात्रीसाठी. ती खात्री चाचणीच्या नोंदींतून तयार होते. तेव्हा कारखाना मागण्याआधी एक सामाईक चाचणीघर मागा, त्याला जोडून एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाची भट्टी, मागा, आणि ते चालवणारी माणसं घडवण्याची सोय मागा.

असं का, ते समजायला हा भाग बनतो कसा ते पाहावं लागेल. कार्बनचा धागा पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याच्या कापडात आधीच मोजून रेझिन, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ, भरलेलं असतं. त्याला प्रीप्रेग म्हणतात. तो रोल उणे १८ अंशांवर फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो, कारण बाहेर काढल्यापासून रेझिन हळूहळू घट्ट व्हायला लागतं. रोल किती तास बाहेर राहिला याची नोंद शेवटपर्यंत त्याच्याबरोबर फिरते. मग स्वच्छ खोलीत, हातमोजे घालून, एकेक थर मोल्डवर बसवायचा, कुठला शून्य अंशात, कुठला पंचेचाळीस, कुठला नव्वद. दर काही थरांनंतर व्हॅक्यूम लावून मधली हवा ओढून घ्यायची. शेवटी सगळं पिशवीत बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंश तापमान आणि सहा-सात बार दाबाखाली कित्येक तास ठेवायचं. मधे वीज गेली आणि दाब उतरला, तर लाखांचा माल भंगारात. आणि सगळं सुरळीत होऊनही एखादा थर पाच-दहा अंश तिरका बसला असेल, किंवा प्रीप्रेगच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा कागद सोलायचा राहून आतच दबला असेल, तर वरून पाहणाऱ्याला तो भाग तितकाच काळा, तितकाच चकचकीत दिसतो.

कुपवाडच्या एका शेडमध्ये एफआरपीचं, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं काम पाहायला गेलो होतो. ट्रॅक्टरचे बॉनेट, टाक्यांची झाकणं असला माल. विशीतला मुलगा मोल्डवर जेलकोट मारून काचतंतूची मॅट अंथरत होता, ब्रशनं रेझिन चोपडत होता आणि दातेरी रोलर फिरवून हवा काढत होता. हात असा बसलेला की पाहत राहावं. हवा राहिली तर कळतं कसं, असं विचारलं. म्हणाला, "उजेडाला धरलं की दिसतंय की सर." खरंच होतं ते. काचतंतूच्या पातळ पत्र्यातून उजेड आरपार येतो, हवेचा बुडबुडा पांढरा उठून दिसतो. कार्बनला मात्र उजेडाला धरून उपयोग नाही. तो मिट्ट काळा. तिथे या मुलाचा हात कामाला येईल, पण डोळा येणार नाही. डोळ्याच्या जागी अल्ट्रासाउंडचं यंत्र लागतं, ते चालवायला प्रमाणपत्रधारक माणूस लागतो, आणि त्या माणसाची सही विमान बनवणाऱ्या कंपनीनं मानावी लागते. या शेडपासून विमानाच्या भागापर्यंतचं अंतर ते एवढंच, आणि ते भूखंडानं मिटत नाही.

इथे एक गोष्ट दुसऱ्या तटाच्या लोकांना सांगायची आहे. फाउंड्री की कार्बन, असा वाद ते घालतात, पण कार्बनच्या कामाला स्वभावानं सगळ्यात जवळ कोणी असेल तर तो फाउंड्रीवालाच. मशीनशॉपवाला धातूचा ठोकळा विकत घेतो तेव्हा त्याच्याबरोबर धातू बनवणाऱ्या कारखान्याचं प्रमाणपत्र येतं; त्यानं फक्त आकार द्यायचा. फाउंड्रीत धातूची घडण आणि आकार साच्यात एकदमच तयार होतात. म्हणून तर प्रत्येक हीटला, म्हणजे धातूच्या एकेका घाण्याला, नंबर पडतो, हीटबरोबर चाचणीसाठी टेस्ट बार ओतला जातो, ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाली की वाळूपासून चौकशी सुरू होते. कार्बनचा भागही असाच मोल्डमध्ये जन्मतो. पदार्थ आणि आकार एकाच वेळी. पोकळी राहण्याची धास्ती तीच, नोंदींची शिस्त तीच. मिरज-कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या पॅटर्न शॉपमधला जुना कारागीर, जो आकसण्याचं माप धरून लाकडात आकार काढतो, त्याला कॉम्पोझिटचा मोल्ड समजायला वेळ लागणार नाही. विजेच्या गाड्या वाढतील तशी इंजिनाच्या कास्टिंगची मागणी कमी होणार, हे या पट्ट्यातल्या मालकांनाही दिसतंय. मग हे ज्ञान वाहून न्यायचं कुठे, याचा विचार आज नाही तर कधी करणार?

आता विरोधकांचे मुद्दे. ते हलके नाहीत. पहिला किमतीचा. कार्बन फायबर पोलादाच्या कित्येक पट महाग आहे आणि मोटारीच्या धंद्यात तो प्रयोग करून हात पोळलेले लोक आहेत. बीएमडब्ल्यूनं २०१३ मध्ये आय३ ही छोटी विजेची गाडी आणली, तिचा प्रवासी बसतात तो सांगाडा कार्बनचा. कच्चा धागा जपानच्या ओताकेमधून, तो भाजायचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेकला, कारण तिथे जलविद्युत स्वस्त, कापड आणि भाग जर्मनीत. २०२२ मध्ये, अडीच लाखांच्या आसपास गाड्या काढून, ती बंद झाली आणि तसा सांगाडा कंपनीनं पुन्हा सर्रास वापरला नाही. पत्र्याचा दरवाजा प्रेसखाली काही सेकंदांत निघतो. ऑटोक्लेव्हमधून निघायला तास जातात. ज्या बाजारात ग्राहक मायलेज आणि हप्ता पाहून गाडी घेतो, तिथे कार्बनच्या मोटारीची स्वप्नं दाखवणं ही फसवणूक आहे, हे मला मान्य आहे. विमानाचा हिशेब मात्र निराळा. तिथे वाचवलेला प्रत्येक किलो पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज इंधन वाचवतो, म्हणून ७८७ मध्ये ५० टक्के आणि एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के वजन कॉम्पोझिटचं आहे. एअर इंडियाकडे ही दोन्ही विमानं आहेत. 'मोटारीत परवडत नाही' यावरून 'कुठेच परवडत नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे आळशीपणा.

दुसरा मुद्दा प्रदूषणाचा, आणि कृष्णाकाठच्या माणसानं तो काढला तर त्याला गप्प करण्याचा अधिकार कुणाला नाही. धागा बनवण्याचं काम खरोखरच घाण आहे. पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा पांढरा धागा आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर भाजतात. त्यात निम्मं वजन उडून जातं, आणि जे उडतं त्यात हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू असतो. तो जाळून टाकण्याची पक्की व्यवस्था लागते. वीजही वारेमाप लागते. कोयना आपली, तिचे १,९६० मेगावॅट आपल्या उशाशी, मग वीज स्वस्त का मिळणार नाही, असं भाषणात छान वाटतं. पण विजेचा दर धरणापासूनच्या अंतरावर ठरत नाही. म्हणून माझं मत आहे की धागा बनवण्याच्या फंदात या जिल्ह्यांनी पडूच नये. धागा विकत घ्यावा, भाग बनवावेत. तिथेही कापताना उडणारी बारीक धूळ आहे, इपॉक्सी रेझिननं हाताला उठणारी ॲलर्जी आहे. पण धूळ ओढणारी यंत्रं, मास्क, हातमोजे यांनी आटोक्यात राहील एवढाच तो धोका आहे. आजच्या शेडमध्ये रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासात रुमाल बांधून काम करणारा मुलगा तिथे आजच्यापेक्षा सुरक्षित असेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. एवढ्या अवघड तंत्रात मातब्बर बुडाले, तिथे आपली काय कथा? रोल्स-रॉइसनं आरबी२११ इंजिनासाठी पंख्याची पाती कार्बन फायबरची करायचं ठरवलं होतं. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळावं लागलं, खर्च हाताबाहेर गेला, आणि १९७१ च्या फेब्रुवारीत ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. पण ही गोष्ट इथेच थांबवून सांगणारे अर्धीच सांगतात. १९९५ मध्ये जीई९० इंजिन कॉम्पोझिटची पाती घेऊन प्रवासी विमानावर चढलं आणि टिकलं. आज इंडिगोच्या अनेक विमानांखाली जी लीप इंजिनं आहेत त्यांची पाती तर कार्बनच्या त्रिमिती विणकामातून, जकार्ड मागावर विणून बनतात. (विट्याच्या मागावर उद्या विमानाची पाती विणली जातील, असं मी म्हणत नाही, पण हे वाचून विट्यातल्या एखाद्या मागवाल्यानं कान टवकारले तर मला बरं वाटेल.) १९७१ आणि १९९५ च्या मधे झालं काय? हजारो नमुने तोडले गेले, आपटले गेले, मोजले गेले. उलट उदाहरण पाहिजे असेल तर २०२३ च्या जूनमध्ये अटलांटिकमध्ये खोल उतरताना पाण्याच्या दाबानं चिरडलेली टायटन पाणबुडी घ्या. तिचा दंडगोल कार्बन फायबरचाच होता, आणि बनवणाऱ्यांनी जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या कुठल्याही वर्गीकरण संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं नव्हतं. पाच माणसं गेली. या दोन्ही कथांतून जो निष्कर्ष निघतो तो माझ्या मागणीकडेच येतो.

आणि आपल्या मातीत हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा आपलाच इतिहास उघडावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती; पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये काचेचा कारखाना निघाला, त्याचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. म्हणजे नव्या मालावर लोकांचा विश्वास बसवणं ही इथली जुनी विद्या आहे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू कारखाना मागणाऱ्यांना ऐकवायला हवी. वीज आली, कंदील गेला आणि ओगलेवाडीचा कारखानाही गेला. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर निघायची; एके काळी तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. गाड्यांची आवड बदलली आणि उत्पादन थांबलं. ज्या गावात फक्त कारखाना असतो त्या गावाचं नशीब एका मालाशी बांधलेलं असतं. इटलीत पुलिया प्रांतात ग्रोत्तालिये नावाचं गाव आहे, मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, आजूबाजूला शेती. तिथे बोइंग ७८७ च्या धडाचे कार्बनचे मोठे नळे बनतात. गावाची कमाल वाटते. पण बोइंगची विमानं देणं रखडलं तेव्हा त्या कारखान्याचं कामही काही काळ थांबवावं लागलं. एकच गिऱ्हाईक, एकच माल. आपल्याला ग्रोत्तालियेचं कौशल्य हवंय, तिची परवशता नको.

वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानाचा कारखाना काढला तो बंगळूरला, म्हैसूर संस्थानच्या मदतीनं. त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत, त्यांचं विमान मात्र कर्नाटकात, याची हळहळ इथे अधूनमधून ऐकू येते. मला त्यातला वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. नुसत्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बंगळूर विमानांचं शहर झालं असतं का? भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, पुढे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आली, आणि तेजसच्या कॉम्पोझिटच्या पंखांमागे याच प्रयोगशाळांतली वर्षानुवर्षांची मेहनत आहे. कारखान्याच्या शेजारी मोजणारे लोक होते, म्हणून एक कंपनी डळमळली तरी विद्या तिथेच राहिली. लांब कशाला, कागल ओलांडून पुण्या-बंगळूर हायवेनं पुढे गेलं की बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला विमानाच्या भागांची औद्योगिक वसाहत लागते. आपल्याच हायवेवर, आपल्यासारख्याच उसाच्या पट्ट्यात. तिथे मुंबई-दिल्ली कुठे होती?

आता चाचणीघराच्या विरोधातला एक मुद्दा मी स्वतःच काढतो, कारण तो कुणीतरी काढणारच. सरकारी पैशातून सामाईक सुविधा केंद्रं उभी राहतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो, मशीनवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघत नाही आणि कुलूप लागतं. हे अनेक ठिकाणी घडलंय. पण याला उतारा बाहेरून आणायला नको. साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये मांजरीला आपली संशोधन संस्था काढली, आज ती वसंतदादांच्या नावानं ओळखली जाते. गाळलेल्या उसावर टनामागे ठरावीक वर्गणी कारखानेच देतात. ज्याचे पैसे जातात तो हिशेब विचारतो, माती तपासून घेतो, नवं बेणं मागतो, म्हणून ती संस्था चालली. पद्माळ्याच्या वसंतदादांच्या जिल्ह्याला हे वेगळं शिकवायचं का? फाउंड्री, एफआरपी आणि मशीनशॉपवाल्यांनी उलाढालीवर थोडी वर्गणी बांधून घ्यावी, तेवढीच रक्कम सरकारनं घालावी, आणि यंत्राची किल्ली अधिकाऱ्याकडे न राहता वर्गणीदारांच्या समितीकडे राहावी.

त्या चाचणीघराला पहिल्या दिवसापासून विमान लागणार नाही. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर, चाळकेवाडीला, इकडे ढालगावकडे पवनचक्क्या फिरतायत. त्यांची पाती म्हणजे काचतंतूचं कॉम्पोझिटच. पावसाच्या माऱ्यानं त्यांची कड झिजते, थर सुटतात. दुरुस्ती आणि तपासणी हे काम आज, इथेच उपलब्ध आहे. जुनी पाती उतरवली जातील तेव्हा त्यांचं करायचं काय, हा प्रश्नही दारात आहे; घट्ट झालेलं रेझिन लोखंडासारखं पुन्हा वितळत नाही, आणि आतला धागा भट्टीत सोडवून घेण्याचं काम कुणीतरी शिकावंच लागेल. दुसरं गिऱ्हाईक मिरजेत बसलंय. सीटी स्कॅन आणि एक्स-रेच्या टेबलाचा वरचा फळा कार्बन फायबरचा असतो, कारण किरणं त्यातून जवळजवळ अडथळ्याविना जातात. दवाखान्यांच्या गावाला हा माल समजावून सांगावा लागणार नाही. अशा कामांवर पाच-सात वर्षं हात बसला, नोंदींची चळत साठली, की एएस९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरला दाखवायला काहीतरी असेल. इतकं थांबायला आजच्या पोरांना वेळ नाही, हे खरं. पण मोठ्या कारखान्याची वाट पाहण्यातही वर्षं जातातच, आणि त्या वर्षांत ती पोरं काही शिकत नाहीत.

राहता राहिला जागेचा प्रश्न, म्हणजे खरं भांडण तिथेच होणार. सातारकर म्हणतील आमच्याकडे, सांगलीकर म्हणतील वालचंद कॉलेजच्या अंगणात. मी सांगलीचा असूनही माझं मत कऱ्हाडला आहे. हायवेवर आहे, तिथलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून चालू आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या वर्कशॉपवाल्याला सकाळी नमुना घेऊन जाऊन संध्याकाळी अहवाल घेऊन परतता येईल. मिरजेतले मित्र यावर रागावणार आहेत. त्यांनी जिल्हा नियोजन समितीत मिरजेचा प्रस्ताव कागदावर आणावा, मी माझं मत मागे घ्यायला तयार आहे.